सैल गाठ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्यावीत, असे पत्र आले तेव्हा मी कामाच्या टेबलाशी बसून एका खोक्याच्या झाकणाची घडी नेमकी कुठे चुकते आहे, ते शोधत होतो. आपल्या जडणघडणीत वाटा असलेल्या सर्व शिक्षकांविषयी लिहावे, असे पत्रात सुचवले आहे. तसे लिहिणे न्यायाचे झाले असते, हे मला कळते. पण पत्र खाली ठेवल्यापासून हस्तकलेच्या वर्गातले ते लांब टेबल, त्यावरची खळीची वाटी आणि टेबलापलीकडे उभे असलेले सर यांखेरीज मला दुसरे काही आठवेनासे झाले आहे. इतर गुरुजनांनी, विशेषतः ज्यांच्या तासाला मी बाकाखाली कागद कापत बसे त्या गणिताच्या बाईंनी, क्षमा करावी. सरांचे नाव मी लिहीत नाही. आमच्या वेळच्या मुलांना नुसते 'सर' म्हटलेले पुरे आहे, आणि आपले नाव कुठे छापून आलेले सरांना कधी रुचलेही नसते.

सरांच्या तासाला केलेली वस्तू हललीच पाहिजे, असा दंडक होता. नुसती सुंदर वस्तू समोर ठेवली की ते ती उलटसुलट करून पाहत आणि 'हे चित्रकलेच्या तासाला दाखव' म्हणून परत देत. त्यामुळे आमच्या वर्गात पट्टी ओढली की डोळे मिटणारी घुबडे, चकती फिरवली की खिडकीत एकेक महिना दाखवणारी घरे आणि पान उघडले की उभे राहणारे किल्ले यांचीच गर्दी असे. पहिले दोन तास मात्र सरांनी आम्हाला कात्रीला हात लावू दिला नव्हता. कागद नुसता फाडायचा, आधी एका दिशेने आणि मग आडव्या दिशेने. एका दिशेने तो बऱ्यापैकी सरळ फाटे, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला पडलेले असतात, त्या दिशेने घडी स्वच्छ बसते आणि आडवी घातली की तिच्या कडेला भेगा पडतात, हे आम्ही बोटांनी शिकलो. ओढायची पट्टी तंतूंच्या लांबीने कापली तर ती ताठ राहते, आडवी कापली तर ढकलताना मध्येच वाकते. जाड कागदाची घडी घालण्यापूर्वी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यायची, म्हणजे घडी आपण ठरवलेल्या जागी मोडते. कागद ठरवील तिथे नव्हे.

उभ्या राहणाऱ्या किल्ल्याच्या वेळी वर्गातल्या जवळजवळ सर्वांचे बुरूज मिटलेल्या पानाबाहेर डोकावले होते. दुमडलेल्या कागदाच्या घडीवर दोन समांतर काप द्यायचे, मधला भाग आत ढकलून उलट घडी घालायची, की कागद उघडल्यावर पायरी उभी राहते, इतके सोपे ते काम. पण काप घडीपासून जितका लांब, त्याच्या दुप्पट अंतरावर पायरीची कड मिटल्यावर पोहोचते. पान पंधरा सेंटिमीटर रुंद असेल, तर काप साडेसात सेंटिमीटरपेक्षा कमीच हवा. सरांनी हा नियम फळ्यावर लिहिला नाही. त्यांनी सगळ्यांचे किल्ले मिटवून एकावर एक ठेवले आणि बाहेर आलेल्या बुरुजांकडे आम्हाला शांतपणे बघू दिले. नियम आम्हीच शोधला, आणि तो शोधताना आपण गणित करतो आहोत हे माझ्या लक्षातही आले नाही.

मला जे सांगायचे आहे ते सहावीतल्या बाहुलीविषयी आहे. दोरी ओढली की हातपाय उडवणारी पुठ्ठ्याची बाहुली सर्वांना करायची होती. तिच्या हाताचा सांधा खांद्याशी असतो, पण हात तिथे संपवायचा नसतो. सांध्यापलीकडे, धडामागे लपेल असे छोटे शेपूट ठेवायचे आणि दोरा त्या शेपटाला बांधायचा. दोरीने शेपूट खाली गेले की हात वर येतो. दोऱ्याचे भोक सांध्यापासून एक सेंटिमीटरवर आणि बोटे आठ सेंटिमीटरवर असतील, तर शेपटाच्या जराशा हालचालीत बोटे तिच्या आठपट फिरतात. भोक लांब नेले तर ओढणे हलके होते, पण हात तेवढ्याच ओढीत कमी उठतो. हे सगळे मी बिनचूक केले होते. फक्त सांधे सुटू नयेत म्हणून दोऱ्याच्या गाठी दातांनी आवळल्या होत्या आणि वरून डिंकाचा थेंब दिला होता. माझी पाळी आली, मी दोरी ओढली, आणि हातपाय जागच्या जागी राहून अख्खी बाहुली कमरेत वाकली. वर्ग हसला.

सरांनी बाहुली हातात घेतली, प्रत्येक सांधा बोटाने हलवून पाहिला आणि म्हणाले, "तू तिला जोडलेली नाहीस, बांधून ठेवली आहेस." मग त्यांनी पुठ्ठ्याची एक चिंचोळी कापटी मला दिली. गाठ मारताना ती कापटी गाठ आणि पुठ्ठा यांच्यामध्ये धरायची आणि गाठ पक्की झाल्यावर ओढून घ्यायची. तिच्या जाडीएवढी मोकळीक सांध्यात राहते. गाठ घट्टच मारायची, पण तिच्या भोवती जागा ठेवून. त्या दुपारी सुटीनंतरही थांबून मी चारही सांधे पुन्हा केले.

दुसऱ्या दिवशी दोरी ओढली तेव्हा दोन्ही पाय आणि उजवा हात झटकन उठले. डावा हात मात्र थोडा वेळ तसाच लोंबत राहिला आणि मग, जणू इतरांकडे पाहून, सावकाश वर गेला. शेपटापासून मधल्या दोरीपर्यंतचा दोरा त्या बाजूला सैल राहिला होता. मी लाजून कात्री घेतली, तर सरांनी माझा हात धरला. "थांब. पुन्हा ओढ." मी ओढली. वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी मला नव्हे, बाहुलीला. सर म्हणाले, "ही कवायतीत उशिरा आलेली मुलगी आहे. आता सांग, हा उशीर तू ठरवून दुसऱ्यांदा करून दाखवशील का?"

त्या प्रश्नाने माझा एक आठवडा खाल्ला. दुसऱ्या बाहुलीत मला उजवा हात उशिरा उठवायचा होता. पहिल्या प्रयत्नात तो उठलाच नाही, दुसऱ्यात सर्वांच्या आधी उठला. शेवटी कळले ते असे, की दोऱ्यात जेवढी ढील, तेवढी ओढ त्या हातासाठी वाया जाते, आणि वाया जाणारी ती ओढ म्हणजेच उशीर. ढील मोजून ठेवली की उशीरही मोजून मिळतो. सरांना दाखवले तेव्हा त्यांनी दोरी तीनदा ओढली आणि काही न बोलता बाहुली कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. त्याहून मोठे बक्षीस मला शाळेत मिळाले नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी, व्यवसायाच्या निमित्ताने जुन्या हलत्या पुस्तकांचा नाद लागल्यावर, म्युनिकच्या लोथार मेगेनडॉर्फर या चित्रकाराची (१८४७–१९२५) ओळख झाली. त्याच्या चित्रांत एकच पट्टी ओढली की मागे लपलेल्या अनेक कागदी तरफा हलतात, आणि त्या साऱ्या एकदम न हलता एकामागून एक हलतात: आधी डोळे, मग हात, मग टोपी. सांध्यांना त्याने पातळ तांब्याच्या तारेची घट्ट वेटोळी वापरली होती. ते वाचताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. सरांना हा माणूस ठाऊक होता का, ते मी कधी विचारले नाही. हलता कागद मुळात मुलांसाठी नव्हताच, हेही तेव्हाच कळले. तेराव्या शतकात मायोर्का बेटावरच्या रामोन लल या तत्त्वज्ञाने तर्कासाठी फिरत्या चकत्या योजल्या, १५४० मध्ये पेट्रुस आपिआनुस या खगोलज्ञाने ग्रहांची स्थाने काढण्यासाठी त्या छापल्या. मुलांच्या वाट्याला असा कागद अठराव्या शतकात आला. आमच्या महिने दाखवणाऱ्या घरांचे कूळ असे थोर निघाले.

मी आज पुठ्ठ्याच्या खोक्यांचे आराखडे करतो. झाकण उघडताच आतला खण आपोआप वर येणाऱ्या एका खोक्यासाठी मला गेल्या वर्षी व्यवसायातला एक पुरस्कार मिळाला. इथे लिहिताना संकोच वाटतो, पण ते खोके म्हणजे आमच्या किल्ल्याची पायरी आहे, दुसरे काही नाही. माझ्या हाताखाली शिकायला येणारी मुले संगणकावर माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने आराखडा काढतात. सांध्यात मोकळीक किती ठेवायची, हे मात्र ती मला विचारतात, आणि मी त्यांच्या हातात पुठ्ठ्याची कापटी देतो.

हस्तकलेच्या वर्गाच्या जागी आता संगणककक्ष आहे, असे ऐकतो. त्याबद्दल तक्रार करावी एवढा मी भाबडा नाही. वाईट वाटते ते तयार संचांचे. नातीला तसा एक संच भेट मिळाला होता: भाग कापलेले, भोके पाडलेली, खटकेही मोजून दिलेले. पंधरा मिनिटांत बाहुली तयार झाली, चारही हातपाय एकदम उठले, आणि तिने ती बाजूला ठेवून दिली. चुकायला त्यात कुठे जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिला जुन्या वहीचा पुठ्ठा, दाभण आणि दोरा दिला. त्या बाहुलीचा एक पाय अजून उलटा उठतो आणि ती कुणालाही तो सरळ करू देत नाही.

महोत्सवातल्या प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू मागवल्या आहेत, म्हणून या लेखासोबत माझी सहावीतली पहिली बाहुली पाठवत आहे. रंग उडाला आहे आणि मधली दोरी दोनदा बदलावी लागली आहे. डावा हात उशिरा उठतो. मांडणाऱ्यांनी तो दुरुस्त करू नये, ही विनंती.