‘परमनंट’ भुवया उडतात कशा? तुम्ही विचारलंत म्हणून

“ताई, परमनंट म्हणून केलं होतं ना? मग उडालं कसं?” पार्लरच्या खुर्चीत बसून विचारलंय, भाजीच्या गाड्यावर विचारलंय, एका हळदीत तर नवरीच्या मावशीने डीजेच्या आवाजात कानाशी येऊन विचारलंय. दर वेळी मी “या एकदा, बघू” म्हणून वेळ मारून नेते. आज जरा सविस्तर सांगते, कारण या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसरंच वाक्य असतं आणि ते कोणी तोंडावर बोलत नाही: फसवलंस.

मी सोलापुरात पार्लर चालवते. कुणाच्या भुवया थायरॉइडने शेपटाकडून गेलेल्या असतात, कुणाला चाई लागलेली असते, कुणी कॉलेजात असताना दोरा फिरवून फिरवून त्या दोन रेघांवर आणलेल्या असतात. अशांच्या कातडीत मी बारीक सुयांच्या ब्लेडने केसासारख्या रेघा ओढते आणि रंग भरते. बारा ते अठरा महिने टिकतं, कुणाचं थोडं जास्त, असं मी आधी सांगते. भिंतीवर लिहिलंय, फॉर्मवर लिहिलंय. तरी घरी जाऊन सगळ्याजणी सांगतात, परमनंट करून आले.

आता उडतं कसं ते ऐका. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. त्या थरात राहिलेला रंग खपलीबरोबर जातो, म्हणून आठवड्या-दहा दिवसांनी “सगळंच गेलं” असे घाबरलेले फोन येतात. जाऊ द्यायचं. महिन्याभरात खालचा रंग पुन्हा वर दिसायला लागतो आणि सहा ते आठ आठवड्यांनी पहिला टचअप, म्हणजे फिक्या जागी पुन्हा रंग भरणं, होतो. खालच्या थरात जे बसतं तेच खरं काम. पण तिथेही रंग नुसता पडून राहत नाही. शरीराला तो बाहेरचा कचराच वाटतो. सफाई करणाऱ्या पेशी तो गिळतात, अगदी बारीक कण वाहून नेले जातात, मोठे तिथेच अडकतात. माझी भाची मायक्रोबायोलॉजी शिकते, तिने सांगितलं की 2018 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदून हे तपासलं होतं. रंग गिळलेली पेशी मेली की तो रंग बाहेर पडतो आणि नवी पेशी तो पुन्हा गिळते. म्हणजे टॅटू टिकतो तोही असा हातोहात. मला ते ऐकून बरं वाटलं. निदान मी रंगात पाणी घालत नाही, याला साक्षीदार मिळाला.

मग लगेच आजीचं गोंदण निघतं. “आमच्या आजीच्या कपाळावरचं गोंदण शेवटपर्यंत होतं, आणि तुमचं दीड वर्षात गेलं!” होतं ना. ते काजळीचं होतं, म्हणजे मुख्यतः कार्बन, आणि चांगलं खोल टोचलेलं. पण त्या ठिपक्यांच्या कडा आठवा. पसरून हिरवट-निळे झाले होते की नाही? कपाळावर एक ठिपका पसरला तर काही बिघडत नाही. भुवईत मी शेजारी शेजारी रेघा ओढते. तितकी खोल गेले तर त्या एकमेकींत मिसळून निळसर पट्टा होईल. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मशीनने भरून घेतलेल्या तशा भुवया आजही लग्नांत दिसतात. टिकल्यात, अगदी घट्ट टिकल्यात. हव्यात का तुम्हाला?

त्यात आमचं ऊन. मे महिन्यात स्कूटरवर निघताना बायका डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधतात. ती कापडाची कड नेमकी भुवईवर येते, घामाने भिजते आणि घरी पोचेपर्यंत घासत राहते. ज्यांची कातडी तेलकट, त्यांच्या रेघा ओल्या कागदावरच्या शाईसारख्या फुटतात. आणि फेशियलच्या नादात जी ती रेटिनॉल नाहीतर ग्लायकोलिक ॲसिड, म्हणजे कातडीचा वरचा थर लवकर झडवणारी क्रीमं, लावते, कपाळापासून हनुवटीपर्यंत, भुवया धरून. मी सांगते, तेवढी जागा सोडा, सनस्क्रीन लावा. मान डोलावतात.

हे सगळं मी एका बाईंना सांगितलं होतं. नाव सांगत नाही. शिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या, अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणायची, मीही. भुवयांची अर्धी शेपटं गेलेली, म्हणून जाड काळ्या फ्रेमचा चष्मा घालायच्या. त्यांचं काम छान बसलं. पहिल्या टचअपनंतर त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि तसाच धरून घरी गेल्या. वर्षाने मी फोन केला, तर म्हणाल्या, “बघू गं, मुलीचं लग्न ठरतंय, खर्च आहेत.” पुढच्या वर्षी फोन उचलला नाही.

मग ऐन लग्नसराईत आल्या, भर दुपारी. पार्लर भरलेलं. एक मुलगी खुर्चीत, तिची एक भुवई झालेली, दुसरीसाठी माझ्या दातात दोरा. बाईंनी स्कार्फ सोडला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “बघ.”

डाव्या भुवईचा पुढचा अर्धा भाग उरला होता, विटकरी. कमानीच्या पुढे काही नाही. तिथे पेन्सिल ओढलेली, ती घामाने कानशिलापर्यंत उतरलेली. उजवी सगळीच फिकट. रंग मुळात काळा, पिवळा, लाल मिळून तपकिरी झालेला असतो. लोखंडाच्या ऑक्साइडचा असेल तर पुष्कळदा लाल मागे राहतो, कार्बनचा असेल तर राखाडी. मला हे सगळं माहीत होतं आणि त्या क्षणी काही उपयोगाचं नव्हतं. दोन भुवया दोन वेगळ्या बायकांच्या वाटत होत्या.

“काल विहीणबाई घरी आल्या होत्या,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांसमोर विचारलं, भुवयांना भाजलं का काही? माझ्या मुलीने मान खाली घातली.”

त्यांना त्याच दिवशी भरून हवं होतं. लग्न चार दिवसांवर. मी म्हटलं, बाई, नाही जमणार. पहिले दोन-तीन दिवस गडद दिसेल, सूज असेल, नेमकं लग्नाच्या दिवशी खपली धरेल, त्यावर मेकअप चालणार नाही, पिकलं तर काय करू? लग्न होऊ द्या, मग निवांत करते.

“लग्नानंतर मला कोण बघणार आहे?”

त्या दिवशी मी स्वतः येऊन हाताने भुवया काढून देते, पाण्यानेही जाणार नाहीत, पैसे नकोत, असंही म्हटलं. त्यांना ते लागलं असावं. “पेन्सिल मलाही येते. मी पैसे मोजून कातडीत भरून घेतलं होतं. घेताना सांगितलं असतंस, की हे असं होणार.”

सांगितलं होतं. मी ड्रॉवर उघडला, त्यांचा फॉर्म काढला आणि त्यांच्यापुढे धरला. खाली त्यांची सही, वर स्पष्ट लिहिलेलं: कालावधी, टचअप, फिका पडताना रंग बदलू शकतो, एमआरआय असेल तर आधी तिथल्या लोकांना सांगा, सगळं. त्यांनी चष्मा पुन्हा घातला. उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, उत्तरपत्रिका तपासावी तसा. पार्लरमधे कोणी बोलेना. खुर्चीतली मुलगी एका भुवईनिशी आरशात बघत बसलेली. मग बाईंनी कागदाची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “बरोबर आहे तुझं.” स्कार्फ बांधला आणि गेल्या.

संध्याकाळी त्यांनी दुसरीकडे करून घेतलं म्हणे. आठवड्याने कुणाच्या तरी स्टेटसला लग्नाचे फोटो आले. भुवया गडद, भरलेल्या. खपलीबिपली काही दिसत नव्हती. खरं सांगते, झकास दिसत होत्या बाई. माझी मदतनीस म्हणाली, “बघा ताई, काही झालं नाही.” चार दिवसांच्या फोटोत काही होत नसतंच, असं मी तिच्यावर खेकसले. पुढे त्या भुवयांचं काय झालं मला माहीत नाही. नंतर त्या बाजारात दिसल्या तेव्हा स्कार्फ आणि गॉगल होता.

लग्न चार दिवसांवर असेल तर मी आजही ब्लेड हातात घेत नाही. त्यावर मला कोणाचं ऐकायचं नाही. पण फॉर्म काढायला नको होता, असं माझी बहीण म्हणते. मी तिला सांगते, काढला नसता तर मीच फसवणारी ठरले असते, इतक्या गिऱ्हाइकांसमोर. दिवसा हे पटतं. रात्री दुकानाचा हिशोब झाला की तिचं म्हणणं पटतं.

आणि हो, टचअप हा धंदा आहे. नाही कोण म्हणतंय? मे महिन्याचं भाडं मी त्यावरच काढते. पण टचअप कमी झाले म्हणून माझं जितकं अडतं, तितकंच जास्त झाले तर तुमचं बिघडतं. जुना रंग पुरेसा फिका व्हायच्या आत दर सहा महिन्यांनी भरत राहिलं की थरावर थर चढून ठोकळा होतो, मग रेघ दिसतच नाही. अशा बायकांना मी परत पाठवते. त्या चिडतात. काही म्हणतात, मग लेझरने काढून टाकते. त्यातही मेख आहे: रंगात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेलं असेल तर लेझरखाली ते काळं पडू शकतं. कातडीच्या डॉक्टरला आधी छोट्या जागेवर करून बघू द्या, एकदम अख्खी भुवई देऊ नका.

पूर्वी मला वाटायचं, फिकं पडणं हा या कामाचा चांगुलपणा आहे. चेहरा बदलतो, फॅशन बदलते, चुकलेला आकार जातो. शिकाऊ मुलींना मी तसंच शिकवते. पण जाताना ते काही विचारून जात नाही. डावीकडून आधी जाईल की उजवीकडून, लाल उरेल की राखाडी, हे मी कुणालाही लिहून देऊ शकत नाही आणि पैसे मात्र आधी घेते. एवढं तुमचं खरं.

माझ्या स्वतःच्या भुवयाही भरलेल्याच आहेत, पुण्यातल्या एका मैत्रिणीने केलेल्या. उजवीचं शेपूट केव्हाच गेलंय. गिऱ्हाइकं ते बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. तिच्याकडे जायचं म्हटलं की दुकान दोन दिवस बंद ठेवावं लागतं, आणि लग्नसराईत ते परवडत नाही. सध्या पेन्सिलवर भागवते.