काकांची फुंकर
आज काकांना घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. एका रासायनिक कारखान्याच्या नायट्रेशन विभागात (जिथे नायट्रिक आम्लाने प्रक्रिया करतात) त्यांची सव्वीस वर्षे गेली आणि आता जिन्याच्या आठव्या पायरीवर त्यांना कठडा धरावा लागतो. (विडी-सिगारेटला त्यांनी कधी हात लावलेला नाही, हे मुद्दाम सांगतो.) स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या तपासणीच्या, नळीत फुंकताना ते तीनदा खोकून थांबले. डॉक्टरांनी समजावले, की अमोनिया नाकाडोळ्यांना लगेच झोंबतो म्हणून माणूस पळतो; नायट्रेशनमध्ये सुटणारा तांबूस वायू, नायट्रोजन डायऑक्साइड, मात्र पाण्यात फारसा विरघळत नसल्याने थेट बारीक श्वासनलिकांपर्यंत पोहोचतो, त्रास कित्येकदा काही तासांनी सुरू होतो आणि तिथे व्रण धरले की नळ्या पूर्ववत होत नाहीत. “तांबूस धूर सुटला की आम्ही ओला टॉवेल बांधायचो, पाळी सुटताना गूळ मिळायचा,” काका म्हणाले. गूळ! १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, नायट्रस वायूंची (याच तांबूस धुराची) विषबाधा होती आणि ती कळवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरांवरही होती. काकांच्या जुन्या फायलीत मात्र दर हिवाळ्याला एकच शब्द लिहिलेला सापडला, ‘ब्राँकायटिस’.