रेंज नसलेल्या बागेत व्हिडिओ

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत रेंज येते-जाते. ठिबकचे व्हिडिओ घरूनच उतरवून न्यावेत. अँड्रॉइडवर यूट्यूबचे व्हिडिओ उतरवणारं न्यूपाइप हे मुक्त ॲप प्ले स्टोअरवर नाही, एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या भांडारातून घेता येतं. ४८०पी हा मध्यम दर्जा पुरे, उगाच जागा कशाला अडवायची?

यूट्यूबने आतली रचना बदलली की न्यूपाइप बंद पडतं. एफ-ड्रॉइडच्या मुख्य भांडारात नवी आवृत्ती उशिरा येते, म्हणून न्यूपाइपचं स्वतःचं भांडार जोडा. दोन्ही भांडारांतल्या ॲपची डिजिटल सही वेगळी. त्यामुळे जुनं ॲप काढून नवं टाकावं लागतं. त्याआधी सेटिंगमधून बॅकअप घ्या, नाहीतर सबस्क्रिप्शन गेलीच समजा.

पेनड्राइव्हवर मोठी फाइल जात नाही? एफएटी३२ या पेनड्राइव्हच्या जुन्या फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये करा, पण फॉरमॅटने आधीचं सगळं पुसतं. जुना टीव्ही एक्सफॅट वाचेलच असं नाही. तसं झालं तर लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर लावा.