भाचीची अ‍ॅडमिशन

आज भाचीला घेऊन अमळनेरला गेलो होतो, एफवायबीएच्या अ‍ॅडमिशनसाठी. बारावीला चांगले मार्क असून आर्ट्स घेतेय म्हणून घरात दोन दिवस कोणी तिच्याशी धड बोललं नाही. निघताना आजी दारातच म्हणाली, "आर्ट लिसन काय करशी वं माय?" पोरगी गप्प, फाईल छातीशी धरून गाडीत बसली.

रस्त्यात विचारते, मामा तुम्ही इतिहासात बीए करून नेमकं काय करता? मग सांगितलं. यावल-चोपड्याच्या पाड्यांवर वनहक्काचे दावे, म्हणजे आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मिळावा म्हणूनचे अर्ज, भरायला मदत करतो. कायदा २००६ चा, पण जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतोय हे दाखवावं लागतं, आणि कागद कोणाजवळ असतात? नियमात म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. एका पावरा आदिवासी आजोबांना साल विचारलं तर गप्प बसले, मग विचारलं विहीर खोदली तेव्हा थोरला केवढा होता, तर लगेच हात कमरेजवळ धरून उंची दाखवली, पोराच्या त्या वयावरून आम्ही साल काढलं. साक्ष कशी घ्यायची, कशी ताडून बघायची हे मला इतिहासाच्या वर्गानेच शिकवलं. पगार मोठा नाही, तेही तिला सांगितलं.

येताना १९१६ सालचं तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, बाहेरून दाखवलं, यूपीएससीला नीतिशास्त्राचा २५० मार्कांचा पेपर असतो हेही बोललो, पण तिचं डोकं विहिरीतच अडकलेलं. म्हणते, पहिला जबाब आजीचा घेते.