गटारीला बोट कापलं, श्रावणात कार्ड काढलं

2022 ची गटारी. चिकनच्या दुकानात पहाटे पाचपासून उभा होतो. मान कापायची, ड्रममध्ये टाकायची, फडफड थांबली की सोलायची, ठोकळ्यावर पीस करायचे. दुपारी एक गिऱ्हाईक वजनावरून ओरडायला लागलं, मी काट्याकडे बघितलं आणि सुरा डाव्या हाताच्या बोटावर आला. दुकानातल्या चाचांनी हळद दाबली. पाच टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. मालकाने दवाखान्याचे पैसे दिले, घरी बसलो त्या दिवसांची हजेरी नाही दिली. ईएसआयला, म्हणजे सरकारी कामगार विम्याला, दुकानात जास्त कामगार लागतात. आम्ही तिघं.

श्रावणात काम तसंही निम्म्यावर येतं, म्हणून ई-श्रम कार्डाच्या, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीच्या, मागे लागलो. नोंदणी फुकट, पण ओटीपीने करायची तर आधारला जोडलेला मोबाईल नंबर लागतो आणि माझा जुना नंबर कधीच बंद पडलेला. आधार केंद्रावर 50 रुपये भरले, तर मशीन अंगठाच घेईना. दिवसभर हात ओले, त्यात स्किनवाल्या कोंबडीसाठी गरम पाणी. सालं निघालेल्या बोटांवर रेषा राहतात कुठे? ऑपरेटर म्हणाला, "दादा, बोट जरा केसांवरून फिरवा, तेल लागू द्या." सगळी बोटं फिरवून झाली, शेवटी उजवी करंगळी लागली.

सेवा केंद्रातल्या पोराने काम काय विचारलं. कोंबड्या कापतो म्हटलं, तर त्याने 'दुकानात हेल्पर' टाकलं. मी म्हटलं, खाटीक टाक. उद्या काही झालं तर हेल्परच्या हातात सुरा कशाला होता, असं कुणी विचारायला नको. कुरकुरत बदललं.

मग बँकेत 20 रुपयांचा अपघात विमा. अपघाती मृत्यूला दोन लाख, एक हात कायमचा निकामी झाला तर एक लाख. मी टाक्यांचं बोट वर केलं.

"बोटाला नाही हो मिळत," मॅडम म्हणाल्या.

तरी सही केली.

नंतर चाचांनाही घेऊन गेलो. त्यांचं वय 62, ई-श्रमची नोंदणी 59 पर्यंतच. मी कोंबडी धरायलासुद्धा त्यांच्याकडूनच शिकलोय. बँकेचा विमा 70 पर्यंत चालतो, तेवढा काढून दिला.

"दर वर्षी खात्यातून कापणार?" त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

"हो, वीस रुपये."

"कापू दे," म्हणाले आणि दुकानाकडे चालायला लागले.