त्या उत्तरात कैदी नव्हते

कारागृहात मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करायला मी बरीच वर्षं जातोय. आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, तिथे जाणं इतर वेळेपेक्षा जड जातं. बाहेर हे चार आठवडे नाताळच्या गडबडीत कधी सरतात कळत नाही. आत मात्र वाट पाहणं हेच दिवसभराचं काम. तारखेची वाट, भेटीची वाट, पत्राची वाट. अशा माणसांसमोर उभं राहून ‘आशा धरा’ म्हणायचं, तर आधी आपण नक्की काय म्हणतोय हे ठाऊक असावं लागतं.

त्या दिवशी आगमनकाळाचा तिसरा रविवार होता. हा आनंदाचा रविवार. जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालतात, बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ३५व्या अध्यायातलं वाळवंट फुलतं. पण तीन वर्षांच्या वाचनक्रमातल्या पहिल्या वर्षी त्याच दिवशी शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनावरचं वाचन, थेट तुरुंगातून येतं. हेरोद राजाने डांबलेला बाप्तिस्मा देणारा योहान शिष्यांकरवी येशूला विचारतो, येणारा तो, वचनातला तारणारा, तूच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहावी?

आत मेणबत्ती पेटवायला परवानगी नाही. म्हणून कैद्यांनी चार रविवारांच्या चार मेणबत्त्या पुठ्ठ्याच्या केल्या होत्या आणि तिघींना पिवळ्या कागदाची ज्योत डकवली होती. वाचनाला एक तरुण उभा राहिला. त्याच आठवड्यात त्याचा जामीन फेटाळला गेला होता. वाचून झालं तरी तो खाली बसेना. येशूने योहानाला पाठवलेल्या उत्तराच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “फादर, आंधळे पाहतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठतात, गरिबांना सुवार्ता मिळते. कैदी कुठे गेले? यशयात तर आहेत.”

त्याचं म्हणणं खरं होतं. यशयाच्या ६१व्या अध्यायात बंदिवानांची सुटका स्पष्ट लिहिली आहे. लूक सांगतो की नासरेथच्या सभास्थानात येशूने हाच उतारा वाचला. पण योहानाला निरोप धाडताना तेवढीच गोष्ट निरोपात नाही, आणि विचारणारा स्वतः कैदेत! संदेष्ट्यांच्या वचनांवर वाढलेल्या योहानाला ही उणीव जाणवली नसेल, हे मला पटत नाही. योसेफस हा इतिहासकार सांगतो, की योहानाला मृत समुद्राच्या पूर्वेकडच्या माखेरूस किल्ल्यात ठेवलं होतं. तिथून तो जिवंत बाहेर आला नाही.

मी त्यांना डीट्रिख बोनहॉफरबद्दल सांगितलं. बर्लिनच्या तेगेल तुरुंगातून नोव्हेंबर १९४३मध्ये लिहिलेल्या पत्रात या जर्मन पाळकाने कोठडीची तुलना आगमनकाळाशी केली होती : दार बंद आहे आणि ते उघडेल तर बाहेरूनच.

“मग उघडलं का?” मागून एक वयस्क कैदी म्हणाला.

“नाही. एप्रिल १९४५मध्ये त्यांना फाशी दिली.”

हे सांगणं भाग होतं. प्रार्थना केली की जामीन मिळतो, असं सांगणारे लोक मी पाहिलेत. त्याला मी फसवणूकच म्हणतो. ख्रिस्ती माणसाची आशा निकालावर टांगलेली नसते, ती येणाऱ्यावर असते. योहान शंकेने पोखरला होता, पण ती शंका त्याने येशूकडेच पाठवली. येशू त्याच्यावर रागावला नाही. निरोप घेऊन शिष्य निघाल्यावर त्याने लोकांना सांगितलं, की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा थोर कुणी झाला नाही. ते कौतुक ऐकायला योहान तिथे नव्हता. म्हणून तर आगमनकाळ गोठ्यातल्या बाळापाशी थांबत नाही. पहिल्याच रविवारी आपण प्रभूच्या पुन्हा येण्याबद्दल वाचतो. कैद्यांच्या सुटकेचं वचन तिथे पुरं व्हायचं आहे. जे डोळ्यांना दिसतं त्याची आशा कोण धरील, असं प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात विचारतो, ते याचसाठी.

एवढं ऐकून तो तरुण म्हणाला, “म्हणजे आता अर्ज करूच नको?”

“का नको? उद्याच वकिलांना निरोप दे. देवाची वाट पाहणारा हात बांधून बसत नाही.”

त्याने मान डोलावली. मग पुढच्या रविवारचं वाचन कोणतं ते विचारलं. मत्तयाचा पहिला अध्याय, योसेफाचं स्वप्न, असं मी सांगितलं.

“तेही मीच वाचतो,” तो म्हणाला. “पण आधी पुस्तक ठेवून जा, फादर. नीट बघून ठेवतो, काय गाळलंय ते.”