डॉक्टरांना कळवले

रविवार, रात्री साडेअकरा

शनिवारची नाइट संपवून सकाळी घरी आले, दुपारपर्यंत झोपले आणि उठल्यावर आधी क्लिनिकलच्या, म्हणजे पेशंट तपासत शिकण्याच्या, तासांची नोंद भरली. ६१२ झाले. डीएनपीला, म्हणजे नर्सिंगमधल्या डॉक्टरेटला, १००० लागतात.

शुक्रवारचं क्लिनिक दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून वही काढली.

मिरजेला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करत होते तेव्हापासून एक वाक्य माझ्या हातून किती हजार वेळा लिहिलं गेलं असेल: ‘डॉक्टरांना कळवले.’ बीपी घसरलं, कळवले. लघवी कमी झाली, कळवले. खाली वेळ आणि सही. शिकागोला आल्यावर भाषा बदलली, वाक्य तेच राहिलं. त्यात कमीपणा काही नाही. वेळेवर कळवल्यामुळे वाचलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि नेमकं कधी कळवायचं हे कळायला वर्षं जातात. पण एकदा कळवलं की पुढचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, हेही तितकंच खरं.

शुक्रवारी साठीचे एक गृहस्थ आले होते, बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून. गोदामात उभ्याने काम. डायबेटिस जुना. बूट-मोजे काढायला सांगितले तर डावा मोजा तळव्याला चिकटलेला. हळूहळू ओला करून सोडवला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या उंचवट्यावर, जाड घट्टा आणि त्याच्या मधोमध जखम. बूट उलटा करून झटकला तर आतून बोल्टचा एक वायसर पडला. त्यावर ते किती दिवस चालत होते, त्यांनाच ठाऊक नव्हतं. दुखलंच नव्हतं.

बाहेर येऊन प्रिसेप्टर बाईंना, म्हणजे क्लिनिकमध्ये मला शिकवणाऱ्या बाईंना, सगळं सांगितलं. ताप नाही, पायाच्या नाड्या लागतात, लाली कडेपुरतीच आहे, जखमेत घातलेली सळई हाडाला लागत नाही. त्या स्वतः नर्स प्रॅक्टिशनर आहेत, म्हणजे स्वतः तपासून, निदान करून औषध लिहिणाऱ्या नर्स. मी तेच व्हायला शिकतेय. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग तू काय करणार?”

मी गप्प. उत्तर येत नव्हतं असं नाही. एक्स-रे, घट्टा काढून जखमेची सफाई, पायावरचा भार काढणं, अँटिबायोटिक, पोडियाट्रिस्टची, म्हणजे पायाच्या डॉक्टरांची, याच आठवड्यातली वेळ. सगळं पाठ होतं. पण अठरा वर्षं मी नेमकी याच जागी थांबत आले आहे. त्या थांबल्या. घाई केली नाही, उत्तर पुरवलं नाही. शेवटी बोलले, आणि एक चूक केलीच: किडनीचा रिपोर्ट न बघता डोस सांगितला. त्यांनी तिथेच थांबवून रिपोर्ट उघडायला लावला. तो क्षण आठवला की अजून पोटात गोळा येतो. आला पाहिजे.

दिवाळीला एका मैत्रिणीने विचारलं होतं, नर्स प्रॅक्टिशनर व्हायला मास्टर्स पुरतं, मग डॉक्टरेट कशाला? बरोबर आहे तिचं. इथल्या, अमेरिकेतल्या, नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने २००४ मध्ये ठरवलं होतं की २०१५ पर्यंत ही तयारी डॉक्टरेटच्या पातळीवर न्यायची. तसं सक्तीचं काही झालं नाही, मास्टर्स करून आजही परीक्षा देता येते. मी डीएनपी घेतली ती प्रोजेक्टसाठी. पीएचडीवाले नवं ज्ञान शोधतात. आम्ही जे आधीच सिद्ध झालंय ते रोजच्या कामात का उतरत नाही, तिथे हात घालतो. डायबेटिसच्या प्रत्येक पेशंटचे पाय वर्षातून एकदा तरी नीट तपासावेत, हे सगळ्यांना माहीत आहे. मग होत का नाही? कारण माणूस बूट घालून बसलेला असतो आणि पंधरा मिनिटं संपतात. माझा प्रोजेक्ट एवढाच की खोलीत आणणाऱ्या असिस्टंटनेच बूट-मोजे उतरवून घ्यायचे. पहिले दोन आठवडे नीट जमलं नाही. फरशी गार, लोक पाय वर ओढून बसायचे. मग पायाखाली तपासणीच्या टेबलावरचाच कागद अंथरायला लागलो, आणि बूट निघायला लागले. असलं काही कुठल्या पुस्तकात नसतं, आणि मला यातच रस आहे.

लोरेटा फोर्ड यांनी १९६५ मध्ये कोलोरॅडोत हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांबरोबर पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. त्या २०२५ च्या जानेवारीत गेल्या, १०४ वर्षांच्या होऊन. त्या दिवशी वॉर्डात आम्ही दोघी-तिघी जणी त्यांच्याबद्दल बोललो होतो.

लायसन्स मिळालं तरी इलिनॉयमध्ये लगेच स्वतंत्र काम करता येत नाही. आधी डॉक्टरांबरोबर करार, त्याखाली ४००० तास, वर २५० तासांचं प्रशिक्षण. मिसिसिपी ओलांडून आयोवात गेलं की ही अट नाही. नदीच्या या काठाला आणि त्या काठाला पेशंट तर सारखेच. सुरुवातीला कोणीतरी पाठीशी असावं हे मला मनापासून पटतं, शुक्रवारनंतर तर जास्तच. पण ते राज्याच्या सीमेवरून ठरावं, हे पटत नाही.

संध्याकाळी आईंनी विचारलं, “म्हणजे आता तू डॉक्टर होणार ना?” सासूबाई मे महिन्यात सांगलीहून आल्या आहेत. म्हटलं, “पदवी डॉक्टरेटची, आई, पण काम नर्सचंच. तपासायचं, निदान करायचं, औषध लिहायचं, आणि पेशंटला सांगायचं की मी नर्स आहे.” त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग सांगायला लाजायचं कशाला? सांगायचं.”

त्यांनाही पंधरा वर्षांची शुगर आहे. बॅगेतून मोनोफिलामेंट काढला आणि त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी पाय मागे घेतला, “अगं, आज काय सण आहे का?” पायाला स्पर्श कळतो का ते बघायचा, नायलॉनचा जाड केसासारखा तंतू तो. दाबला की दहा ग्रॅमला वाकतो. आधी हातावर लावून दाखवला, मग डोळे मिटायला सांगितले. लागलं की ‘हो’ म्हणायचं. उजव्या पायाला चारही ठिकाणी हो. डाव्या अंगठ्याला हो. मग करंगळीच्या मुळाशी तंतू वाकला आणि आई तशाच डोळे मिटून शांत बसल्या होत्या, मी कधी लावतेय याची वाट बघत. पुन्हा लावला. पुन्हा शांत.

वर्षभरापूर्वी सांगलीला गेले होते तेव्हा रोज वाकून नमस्कार केला होता याच पायांना.

“डॉक्टरांना दाखवायचं का?” त्यांनी विचारलं. हो म्हटलं, आणि मग कागद घेतला. डाव्या पायाचं चित्र काढून ती जागा गोल केली. घरातही चप्पल, अनवाणी देवघरापर्यंतसुद्धा नाही. रोज रात्री आरशात तळवा बघायचा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवायचा. नव्या बुटांचं माप संध्याकाळी घ्यायचं, पाय तेव्हा सुजलेले असतात. देवघराच्या चपलेवरून त्या अडल्या आहेत. कापडी, फक्त घरात वापरायची वेगळी जोडी आणू, असं म्हटलंय. उद्या क्लिनिकहून येताना बघते.